काळी गोटी, गुलाबी टाय

लेखकाला एकांत लागतो, असा एक समज आहे. तो लेखकांनीच पसरवलेला असल्याने त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. लेखकाला लागतात ती आपल्या एकांताबद्दल ऐकून घेणारी चार माणसं. ती घरी मिळत नाहीत. घरी 'आज काही सुचत नाहीये' म्हटलं की 'मग गिरणीतून दळण तरी आणा' असं उत्तर येतं. प्रकाशकाकडे मिळत नाहीत, कारण त्याला स्वतःच्या तोट्याबद्दल बोलायचं असतं. वाचकांत मिळाली असती, पण त्यासाठी आधी वाचक मिळावे लागतात. या अडचणीतून लेखकांनी जी वाट काढली, तिचं नाव कला-साहित्याचा खासगी क्लब.

या क्लबांचा इतिहास चाळला की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. तिथे जेवणं होतात, भांडणं होतात, नियमांवर मतदान होतं, टायचे रंग ठरतात. साहित्य तेवढं होत नाही. म्हणजे होतं, पण दाराबाहेर. ज्याला आत घेतलं नाही, किंवा घेऊन पुन्हा हाकललं, त्याच्या हातून होतं. योग्य वेळी योग्य माणसाला 'नाही' म्हणणं हीच या क्लबांची खरी वाङ्मयसेवा.

आपण सोयीसाठी १७६४ पासून सुरुवात करू. त्या साली लंडनमध्ये चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या मनात आलं की आपले थोर मित्र डॉ. जॉन्सन यांना बोलायला आठवड्यातून एक ठरलेली जागा असावी. जॉन्सन न ठरलेल्या जागीही बोलतच असत. पण ठरलेली जागा असली की इतरांना ती टाळता येते, हा रेनॉल्ड्सच्या कल्पनेतला छुपा लोकोपयोगी भाग. सोहोतल्या जेरार्ड स्ट्रीटवर 'टर्क्स हेड' नावाची खानावळ होती. तिथे दर सोमवारी संध्याकाळी नऊ जण जमू लागले. त्यांत एडमंड बर्क होता, ऑलिव्हर गोल्डस्मिथ होता. नाव काय ठेवलं? 'द क्लब'. जणू जगात दुसरा क्लब निघणारच नव्हता.

नऊ विद्वान एका टेबलाभोवती बसले की पहिला वाद सौंदर्यशास्त्रावर होईल असं आपल्याला वाटतं. पहिला वाद बिलावर झाला. नवांपैकी जॉन हॉकिन्स रात्री जेवत नसे. तो म्हणाला, मी जेवत नाही, तर जेवणाचा वाटा का देऊ? मित्रमंडळींच्या सहलीत 'मी आइस्क्रीम घेतलं नव्हतं' म्हणून हिशेबाची वही मागणारा एक जण असतो, तसलाच हा गृहस्थ. क्लबाने त्याला सूट दिली आणि मनातून उतरवला. पुढे एकदा तो बर्कशी उद्धटपणे बोलला. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी त्याचं असं थंड स्वागत केलं की त्याने येणंच सोडलं. मग त्याने काय करावं? रिकाम्या सोमवारांचं फळ म्हणा, पण जॉन्सन वारल्यावर १७८७ साली त्याने त्यांचं जाडजूड चरित्र छापून मोकळं केलं. क्लबाचा लाडका सभासद बॉस्वेल याला आपलं चरित्र बाहेर काढायला १७९१ उजाडलं. बॉस्वेलचं पुस्तक कितीतरी सरस, हे मान्य. पण ते चार वर्षं उशिरा आलं. जो क्लबात जेवायला थांबतो, त्याला उशीर होतोच.

याच क्लबाने केलेला दुसरा नकार जास्त मजेदार आहे. डेव्हिड गॅरिक हा त्या काळचा इंग्लंडचा सर्वांत मोठा नट. तो जॉन्सनचा विद्यार्थी. १७३७ साली गुरू-शिष्य दोघं बरोबरच नशीब काढायला गावाहून लंडनला आले होते. क्लब निघाल्याचं कळल्यावर गॅरिक रेनॉल्ड्सला मोकळेपणाने म्हणाला, कल्पना छान आहे, मीही येईन म्हणतो. हे जॉन्सनच्या कानावर गेलं आणि गुरुजींचं बिनसलं. येईन म्हणजे काय? आम्ही घेऊ तर येईल ना! नाटकाच्या थिएटरात ज्याचं नाव पाटीवर लागलं की तिकिटं संपत, तो माणूस नऊ जणांच्या टेबलाशी बसायला नऊ वर्षं ताटकळला. १७७३ साली एकदाचा आत आला.

आता नियतीचा विनोद पाहा. १८३१ साली लंडनमध्ये नट, लेखक आणि सभ्य मंडळींसाठी एक नवा क्लब निघाला आणि त्याला नाव दिलं गॅरिकचं. ज्याला एका क्लबाने दारात उभं केलं, त्याच्या नावाचा क्लब पुढे इतरांना दारात उभं करण्यासाठी प्रसिद्ध झाला. ही तिथली परंपराच दिसते. १९८५ साली प्रकाशन आणि नाटक-सिनेमातल्या मंडळींसाठी सोहोत निघालेला ग्रूचो क्लब हा ग्रूचो मार्क्सच्या नावाचा. या विनोदी नटाने एका क्लबाचा राजीनामा देताना म्हटलं होतं की जो क्लब माझ्यासारख्याला घेतो, त्यात मला राहायचं नाही. लंडनमध्ये क्लबाला नाव द्यायचं तर ज्याचं क्लबाशी जमलं नाही अशा माणसाचंच द्यावं, असा संकेत असावा.

गॅरिक क्लबाची स्थापना करणाऱ्यांचा उद्देश उदात्त होता. नटांना शिकल्यासवरल्या, सुसंस्कृत लोकांत बरोबरीच्या नात्याने मिसळता यावं. या मिसळण्याची गरज नेमकी कोणाला जास्त होती, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. प्रवेशाबाबत मात्र त्यांनी सुरुवातीलाच एक धोरण ठरवलं. निरुपद्रवी माणसं दहा बाहेर राहिली तरी चालतील, पण एक महाकंटाळवाणा माणूस आत येता कामा नये. फौजदारी कायद्यात दहा अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये म्हणतात, इथे उलटं. दहा निरपराध्यांना शिक्षा, पण एक कंटाळवाणा सुटता कामा नये. धोरण म्हणून हे थोर आहे. अंमलबजावणीत एकच अडचण: आपण कंटाळवाणे आहोत हे जगातल्या एकाही कंटाळवाण्या माणसाला माहीत नसतं. तो स्वतः मतदानाला सर्वांत आधी हजर असतो, आणि दुसऱ्याच्या कंटाळवाणेपणावर अर्धा तास बोलतो.

नाकारण्याची पद्धतही मोठी शालीन. उमेदवाराने स्वतः अर्ज करायचा नाही. तो उतावळेपणा झाला, गॅरिकला भोवला तोच. कोणीतरी नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. मग एका पानावर नाव लिहिलं जातं आणि ओळखीच्या सभासदांनी खाली सह्या करायच्या. शेवटी गुप्त मतदान. जुन्या काळी एक पेटी फिरे. आत हात घालायचा आणि गोटी टाकायची. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. एकदोन काळ्या गोट्या निघाल्या की माणूस संपला. कुणी टाकली, का टाकली, विचारायचं नाही. संध्याकाळी काळी गोटी टाकणाराच त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'फार वाईट वाटलं हो' म्हणायला मोकळा.

आपल्याकडच्या साहित्य मंडळांना हे जमायचं नाही. आपण कुणाला नाही म्हणत नाही. वर्गणी घेतो, पावती फाडतो, 'आपल्यासारख्यांची गरजच होती' असं सांगतो. आपला नकार नंतर सुरू होतो. व्यासपीठावर पाच खुर्च्या, आणि पाहुणे सहा. आपण सहावे. निमंत्रणपत्रिकेत आपलं नाव 'आणि इतर मान्यवर' या शब्दांत सामावलेलं. कविसंमेलनात आपला नंबर अठ्ठाविसावा, म्हणजे मांडववाला सतरंज्या गुंडाळायला लागतो तेव्हा. आभारप्रदर्शनात ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार, चहावाल्याचे आभार, आपले नाहीत. इंग्रज माणसाला एकदाच दारातून परत पाठवतो आणि विसरतो. आपण त्याला आत घेऊन आजीव सभासद करतो. आणि तोही आयुष्यभर मागच्या रांगेत बसून पुढच्या रांगेकडे पाहतो.

गॅरिक क्लबाच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं भांडण १८५८ सालचं. त्यात इंग्रजी कादंबरीचे दोन महापुरुष समोरासमोर उभे राहिले. एक चार्ल्स डिकन्स. दुसरा कलकत्त्यात जन्मलेला विल्यम थॅकरे. वाद कादंबरीच्या रूपबंधावर नव्हता.

त्याच सुमारास डिकन्सने बायकोपासून फारकत घेतली होती आणि क्लबात कुजबुज चालू होती की कारण मेहुणी आहे. थॅकरेला मित्राची ही बदनामी सहन होईना. त्याने ताबडतोब दुरुस्ती केली: मेहुणी नव्हे हो, एक नटी आहे. मित्राची बाजू घेण्याचे पुष्कळ प्रकार असतात. त्यांतला हा सर्वांत महागात पडणारा. दुरुस्ती डिकन्सच्या कानी पोचली. साहित्यिकांच्या क्लबात पुस्तकं पोचायला उशीर होतो, अशी बातमी मात्र जिना चढायच्या आत पोचते.

एवढ्यात एडमंड येट्स नावाच्या एका तरुण पत्रकाराने 'टाउन टॉक' नावाच्या पत्रात थॅकरेवर मजकूर लिहिला. हा येट्स क्लबाच्याच वयाचा, १८३१ सालचा, आणि डिकन्सच्या मर्जीतला. थॅकरेची सभ्यता वरवरची आहे आणि लेखनात अंतःकरण कमी, असा त्याचा एकंदर सूर. थॅकरे खवळला. याने माझं बोलणं ऐकलं ते क्लबात, म्हणजे कच्चा माल क्लबाचा, म्हणजे गुन्हा क्लबाविरुद्ध, असं तर्कशास्त्र लढवून त्याने थेट कमिटीकडे तक्रार केली. हाच थॅकरे दहा वर्षांपूर्वी स्नॉब लोकांवर पुस्तक लिहून गाजला होता आणि त्यात क्लबांतल्या स्नॉबांची त्याने यथेच्छ टर उडवली होती. पण दुसऱ्याची टर उडवणं हे वाङ्मय असतं आणि आपली उडवली की ती कमिटीची बाब होते. हे तत्त्व अजून कुठल्याही साहित्यसंस्थेने बदललेलं नाही.

कमिटीने येट्सला माफी मागायला सांगितलं. त्याने नाही मागितली. सर्वसाधारण सभा भरली, येट्सचं नाव कापलं गेलं, डिकन्स कमिटीतून बाहेर पडला आणि दोन महापुरुषांनी बोलणं टाकलं. येट्सने कोर्टात जायचं ठरवलं. खर्चाचा आकडा ऐकून तो विचार सोडला आणि त्यापेक्षा स्वस्त उपाय केला: सगळं प्रकरण पुस्तिका करून छापलं. पुढे त्याने स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि ते उत्तम चाललं. क्लबाने त्याला ठेवून घेतलं असतं तर बिचारा आज फक्त जुन्या सभासदांच्या यादीत सापडला असता.

दोघा कादंबरीकारांचा समेट झाला तो १८६३ साली, पाच वर्षांनी, आणि तोही दुसऱ्याच क्लबाच्या जिन्यावर. हा क्लब म्हणजे अथेनियम. तिथे समोरासमोर आल्यावर हस्तांदोलन झालं. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी थॅकरे वारला. यावरून व्यवहारी धडा असा की साहित्यिकाने निदान दोन क्लबांचं सभासद असावं: एक भांडायला, एक मिटवायला.

अथेनियमबद्दल जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. १८२४ साली निघालेल्या या विद्वानांच्या क्लबाचे पहिले चिटणीस मायकेल फॅरडे. विजेचं गूढ उकलणारा शास्त्रज्ञही एकदा कुठे तरी सभेचं इतिवृत्त लिहीत होता, हे वाचून आपल्याकडच्या चिटणिसांना धीर येईल. इमारत बांधायची वेळ आली तेव्हा सभासदांना हवं होतं बर्फघर. पेयं थंड राहावीत एवढीच माफक अपेक्षा. संस्थापक क्रोकर यांनी त्याऐवजी बाहेरच्या भिंतीवर अथेन्सच्या पार्थेनॉनवरून घेतलेली लांबलचक शिल्पपट्टी बसवली. त्यावर सभासदांनी टिंगलीची चारोळी रचली. क्लबाच्या आत निर्माण झालेलं आणि आजही लोकांच्या तोंडी असलेलं हे बहुधा एकमेव काव्य, आणि ते बर्फ न मिळाल्याबद्दल आहे.

गॅरिक क्लबाकडे परत येऊ. तिथला टाय प्रसिद्ध. रंग दोन: सामन माशाचा गुलाबी आणि काकडीचा हिरवा. म्हणजे मेनूकार्डच गळ्यात बांधलेलं. जुन्या लंडनी क्लबांचा एक शिरस्ता असा की जेवणाच्या टेबलावर कामाचे कागद बाहेर काढायचे नाहीत. साहित्यिकांच्या क्लबातला हा नियम मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. आपल्याकडे कुणी जेवताना खिशात हात घालून कागद काढला की तो कामाचा नसतो हे माहीत असूनही टेबलावरचे सगळे गप्प होतात. तो कविता काढणार असतो. तिथे वरण गार होतं. इथे नियमाने सूप गरम राहतं.

भिंतींवर मात्र कलेला पूर्ण मुभा. क्लबाकडे नाट्यकर्मींच्या चित्रांचा अप्रतिम संग्रह आहे. त्यात मोठमोठ्या नट्याही आहेत, अगदी सेरा सिडन्ससारख्या. नट्या तैलरंगात असल्या तर चालत. प्रत्यक्ष असल्या तर त्यांनी कुणाच्या तरी पाहुण्या म्हणून यावं आणि जावं. सभासद व्हायचं नाही. हे १८३१ पासून चाललं. २०१५ साली मतदान झालं तेव्हा ५०.५ टक्के लोक स्त्रियांना घ्यावं म्हणाले. पण नियम बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणून बहुमत हरलं.

मग मार्च २०२४ मध्ये 'गार्डियन' या वर्तमानपत्राने काही बड्या सभासदांची नावं छापली. राजेसाहेब, मंत्री, न्यायमूर्ती, आणि देशाच्या परदेशी गुप्तहेर खात्याचे प्रमुखसुद्धा. ज्यांनी जगाची गुपितं काढायची, त्यांचं जेवणाचं टेबल वर्तमानपत्राने काढलं. त्यांनी राजीनामा दिला, मंत्रिमंडळाच्या सचिवांनीही दिला. आणि इकडे वकिलांनी एक मत दिलं. त्यांनी १९२५ सालचा मालमत्ता कायदा उघडून दाखवला: त्यात म्हटलंय की दस्तऐवजात पुल्लिंगी उल्लेख असला तरी त्यात स्त्रीही धरावी. क्लबाच्या नियमांत 'तो' आहे, म्हणजे 'ती'ही आलीच. म्हणजे नियम बदलायची गरजच नाही, दोन तृतीयांशांची भानगडच नाही. साधं बहुमत पुरे. ७ मे रोजी ५६२ विरुद्ध ३७५ मतांनी हे मान्य झालं. थोडक्यात, स्त्रिया ९९ वर्षांपासून आत येऊ शकत होत्या. कुणी कपाटातला कायदा वाचला नव्हता. साहित्यिकांच्या क्लबात वाचनाची अशी स्थिती.

जुलैमध्ये पहिल्या दोन स्त्रिया निवडल्या गेल्या: ज्यूडी डेंच आणि शान फिलिप्स. दोघीही नामवंत नट्या. एकीचं वय ८९, दुसरीचं ९१; बेरीज १८०. क्लबाचं वय १९३. त्यामुळे पोरीबाळींना घाईने आत घेतलं, असं म्हणायला अगदी कट्टर विरोधकांनाही जागा राहिली नाही.

साहित्याने मात्र या क्लबाचं भलं केलंय, हे सांगायला हवं. 'विनी द पू' या अस्वलाचा जनक ए. ए. मिल्न इथला सभासद. जाताना त्याने पुस्तकांच्या हक्कांतला एक वाटा क्लबाच्या नावे केला. पुढे डिस्नेने हक्क विकत घेतले आणि क्लबाच्या पदरात कोट्यवधी पौंड पडले. मग अर्थातच सभा. पैसे वाटून घ्यावेत की इमारतीवर खर्च करावेत, की दानधर्म करावा? शेवटी काही रक्कम कलासंस्थांना मदत करणाऱ्या न्यासाकडे गेली. एका लठ्ठ, मंदबुद्धी, मधाच्या मागे लागलेल्या अस्वलाने एवढ्या बुद्धिमंतांना पोसलं. अस्वलाला सभासद करून घ्यायचा ठराव कुणी मांडला नाही. तोही 'तो'च होता, कायद्याची अडचण नव्हती.

पुण्यात १९२३ च्या सुमारास असाच एक क्लब निघाला. इमारत नाही, टाय नाही, काळी गोटी नाही. रविवारी चहाला जमायचं, म्हणून आधी 'सन-टी क्लब' म्हणायचे; पुढे झालं 'रविकिरण मंडळ'. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, आणि अगदी सुरुवातीपासून मनोरमाबाई रानडे. लंडनच्या सुसंस्कृत मंडळींना ज्यासाठी १९३ वर्षं आणि वकिलांचं मत लागलं, ते पुण्यात एका चहाच्या कपात झालं, आणि तेही कायदा येण्याच्या दोन वर्षं आधी. या कवींनी कविता नुसत्या लिहिल्या नाहीत, गाऊन दाखवल्या. कवितेची साथ महाराष्ट्रभर पसरली.

आचार्य अत्रे या मंडळात नव्हते. ते बाहेर उभं राहून पाहत होते, आणि त्यांनी काढली 'झेंडूची फुले'. रविकिरणी कवितेच्या लकबींची अशी चंपी झाली की मंडळाच्या कित्येक गंभीर कविता विस्मरणात गेल्या तरी विडंबनं पाठ असणारी माणसं अजून भेटतात. समजा, मंडळाने अत्र्यांना पहिल्याच रविवारी आग्रहाने बोलावून चहा दिला असता, वर दोन बिस्किटं दिली असती. दुसऱ्या रविवारी तेही चाल लावून गाऊ लागले असते, आणि मराठी विनोदाचं एक अख्खं दालन बिस्किटांच्या भावात गेलं असतं.

म्हणून माझी आपल्या तमाम साहित्य मंडळांना हात जोडून विनंती आहे: थोडं नाही म्हणायला शिका. वार्षिक अहवालात 'नवे सभासद' या यादीखाली 'नाकारलेले' अशीही एक यादी छापा. वाचक दुसरीच यादी आधी वाचतील. तीन वर्षांत त्या यादीतून दोन चांगली आत्मचरित्रं, एक विडंबनसंग्रह आणि कदाचित एक साप्ताहिक बाहेर पडेल. पहिल्या यादीतून फार तर सभागृहाच्या भाड्यावर ठराव निघेल.

आणि ज्याला कुणाला असा नकार मिळेल, त्याने रागावून जरूर लिहावं. फक्त त्या रागात स्वतःचं वेगळं मंडळ काढू नये. त्याचं सभासदत्व आपल्याला पहिल्याच दिवशी मिळतं, काळी गोटी टाकायला कुणी नसतं, आणि लिहायचं कारणच संपतं.